आमची वाटचाल : सिमेंटच्या पोत्यांपासून चुन्याच्या घाणीपर्यंत

आज आम्ही जुन्या दगडी देवळांची पाहणी आणि दुरुस्ती करतो, पण आमची सुरुवात सोसायट्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटने, म्हणजे इमारतींच्या मजबुतीच्या तपासणीने झाली. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींना ऑडिट बंधनकारक, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. गज गंजले, स्लॅब सुटला, अहवाल दिला, पुढची सोसायटी. पैसा येत होता, कंटाळाही.

दगडाकडे वळलो ते नाशिक जिल्ह्यातल्या एका गावच्या यादवकालीन मंदिरामुळे. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या जातकुळीतलं, पण कुठल्याच संरक्षित यादीत नसलेलं. सभामंडपाच्या भिंतीला फुगवटा आलेला आणि गावकऱ्यांनी सिमेंटची पोती आणून ठेवलेली. काँक्रीटचा कठीणपणा ठोकून मोजायचा रिबाउंड हॅमर बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या दगडावर, टणकन उडायचा, आकडा झकास यायचा आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. दुखणं दगडात नव्हतंच. अशा भिंतीत दोन्ही अंगांना घडीव चिरे असतात आणि मध्ये दगडगोटे-मातीची भर. छताच्या सांध्यांतून पाणी उतरतं, भर धुपते, आत पोकळी होते आणि दर्शनी चिरे पुढे सरकतात.

म्हणून आजही आम्ही भिंतीआधी छपरावर चढतो. पाणी कुठून शिरतं ते कळलं की अर्धं निदान झालं. पिंपळ-उंबर वरवर छाटणाऱ्यांचा मात्र राग येतो. छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो आणि मूळ आत जाडच होत राहतं. सिमेंटचं तर विचारूच नका. ते ओल बाहेर पडू देत नाही, त्यातले क्षार दगडात उतरतात, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. जुन्या कामांत आमचा निम्मा वेळ कोणीतरी भक्तिभावाने भरलेलं सिमेंट छिन्नीने काढण्यात जातो.

भेग दिसली की लगेच बुजवत नाही. तिच्यावर जिप्समने काचेची पट्टी बसवून तारीख लिहितो आणि उन्हाळा-पावसाळा जाऊ देतो. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे, म्हणजे पायाकडे बघायचं. शाबूत राहिली तर दुखणं जुनं. सोबत ओळंबा, कोन आणि अंतरं मोजायला टोटल स्टेशन, पोकळीत डोकावायला एंडोस्कोप. चिरे उतरवायची वेळ आलीच तर आधी प्रत्येकावर क्रमांक.

पोकळी भरायची ती चुन्याच्या पातळ ग्राउटने (आत सोडायच्या पातळ मिश्रणाने), खालून वर, अगदी कमी दाबाने. जोर लावला तर फुगलेली भिंत आणखी फुगते. मूळचे कोरडे सांधे कोरडेच ठेवतो. छतावर चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड) कोबा. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. माल घाणीत, म्हणजे गोल चरात दगडी चाक फिरवून, मळूनच घेतो. मिक्सरमधला आमच्या पाथरवट मिस्त्रींना पसंत नाही, आणि या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. ताजा असताना पावसात सापडला तर वाहून जातो. त्यामुळे आमचा हंगाम दसऱ्यानंतरचा. पावसाळ्यात माणसं टिकवायची म्हणून सोसायट्यांची ऑडिट्स अजून सोडलेली नाहीत. देवळांचा खर्च बराचसा तीच भागवतात.

हल्ली पाहणीचं शुल्क आम्ही वेगळं आणि आगाऊ घेतो. पूर्वी ते दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच असायचं, आणि मग ‘दुरुस्तीची गरज नाही, फक्त पन्हळी साफ ठेवा’ असा अहवाल दिला की पैसे कशाचे, असा प्रश्न यायचा. आता तोच अहवाल आम्ही बिनधास्त देतो.