ॲव्हलॉनचे जॉन हर्ट

नाशिकला कॉलेज रोडवर गिटार शिकायला जाणाऱ्या माझ्या भाचीच्या लेखी ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि घसा ताणून केलेले गायन, म्हणून मी तिला गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट ऐकवले. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ॲव्हलॉन या लहानशा वस्तीत वाढलेले हर्ट शेतमजुरी करीत आणि गावच्या नाचगाण्यांत वाजवीत. १९२८ साली ओके या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने मेम्फिस आणि न्यूयॉर्क येथे त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. मात्र तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ महामंदी आली आणि हर्ट शेतीतच राहिले.

त्यांचे वादन वरवर सोपे वाटते. अंगठा खर्जाच्या तारांवर आलटूनपालटून ठेका धरतो, तर बोटे वरच्या तारांवर गाण्याची चाल वाजवतात, तीही पुष्कळदा ठेक्याच्या अधेमधे. (तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला अंगठ्याने षड्ज धरल्याचा भास होतो, प्रत्यक्षात कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) बदलली की खर्जही बदलतो.)

‘ॲव्हलॉन ब्लूज’ या जुन्या गाण्यातील गावाच्या उल्लेखावरून टॉम हॉस्किन्स या ब्लूजप्रेमीने १९६३ मध्ये त्यांना शोधून काढले, आणि त्याच वर्षी ते न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. या अखेरच्या काळातील ध्वनिमुद्रणे अधिक स्वच्छ असली, तरी १९२८ची चपळाई मला जास्त आवडते. भाचीचा कल मात्र उतारवयातील आवाजाकडे आहे.