पुलसार ही हलकी रेड वाइन प्यायला फ्रान्समधल्या ज्युरा भागातल्या आर्बुआ गावी जाताय?

पॅरिसहून दिजों, दोल करत स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जाणाऱ्या काही टीजीव्ही, म्हणजे वेगवान गाड्या, मुशार स्टेशनला थांबतात. तिथून लोकल गाडीने आर्बुआ. स्टेशन गावापासून थोडं लांब आहे, तेव्हा बॅग हलकीच ठेवा. रविवारी गाड्या फार कमी असतात.

वाइनला जिचं नाव आहे ती ज्युरातली पुलसार ही द्राक्षाची जात या पट्ट्याबाहेर फारशी दिसत नाही. तिला लवकर अंकुर फुटतात, म्हणून वसंतातल्या थंडीच्या कडाक्यात ती हमखास सापडते. साल इतकं पातळ, की वाइनला रंग येतो जेमतेम कोकम सरबताएवढा. ग्लासमधून पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसतो! रंग बघून रोझे, म्हणजे गुलाबी वाइन समजू नका. ही सालासकट आंबवलेली रेड वाइनच आहे. चवीला रेडकरंटसारखी, म्हणजे आंबटसर लाल बेरीसारखी, किंचित मातकट, तुरटपणा नावालाच. बाटली उघडल्यावर कधीकधी गंधकाचा वास येतो. घाबरू नका, ग्लास चांगला फिरवा, जातो.

आर्बुआपासून तीनेक किलोमीटरवर, चढावर प्युपिलाँ आहे. वस्ती दोन-अडीचशेची, पण पाटीवर स्वतःला पुलसारची जागतिक राजधानी म्हणवतं. चालत जावं, वाट मळ्यांतूनच जाते. वाइनवाल्यांना आधी फोन किंवा मेल कराच. बरेच जण छोटे आहेत, माल लवकर संपतो आणि दुपारी बारा ते दोन कुणी दार उघडत नाही. इथे टेस्टिंगला रेड आधी, व्हाइट नंतर. उलटं वाटतं खरं, पण सहा वर्षं तीन महिने पिंपात मुरलेली व्हाँ झोन ही इथली तीव्र चवीची व्हाइट वाइन प्यायल्यावर पुलसारची चवच लागणार नाही. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका. गाडी चालवणार असाल तर फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे.

सोबत इथलं कोंते चीज घ्या. कट्टर शाकाहारींनी मात्र लक्षात ठेवावं, त्यात दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं.

लुई पाश्चर आर्बुआत वाढले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. वाइनचा कंटाळा असलेल्या सोबत्याला तिथे पाठवा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आलात, तर द्राक्षांचा भलामोठा घोस मिरवत चर्चमध्ये नेताना दिसेल. खोली मात्र आधीच बुक करा.

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी-फ्री, म्हणजे दोन बाटल्या. त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. घरी फ्रिजमध्ये ठेवून गारच प्या. आपल्याकडच्या उकाड्यात रूम टेम्परेचरला तिची सगळी मजा जाते.