आठ अँपिअर, तीनशे मीटर

मंगळवार, रात्री साडेदहा

निफाडकडच्या साइटवरून यायलाच आठ वाजले. जेवून वही उघडली. इलेक्ट्रिकल सुपरवायझरच्या परवान्याचा पेपर तोंडावर आलाय आणि थिअरीचं मला फारसं टेन्शन नाही. अर्थिंगची तांब्याची प्लेट ६० बाय ६० सेंटिमीटर, ३.१५ मिलिमीटर जाड, जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असली तर ६.३. लाईटच्या सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, पॉवरच्या सर्किटवर दोन. हे सगळं हाताखालून गेलेलं आहे, त्यामुळे पाठ करावं लागत नाही. घाम फुटतो तो गणितांना.

सुरुवात सोप्यापासून केली. इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वायरवरचं आवरण गळतीला किती अडवतं ते: आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकातला जुना नियम, कमीत कमी ५० भागिले पॉइंटची संख्या, उत्तर मेगओहममध्ये. २५ पॉइंटला २ मेगओहम, ५० पॉइंटला १. पॉइंट वाढले की कमी रीडिंग चालतं, हे वाचताना उलटंच वाटतं. पण प्रत्येक पॉइंट म्हणजे गळतीची एक बारीक वाट, आणि या सगळ्या वाटा पॅरललमध्ये. पॅरलल म्हटलं की एकूण रेझिस्टन्स घटणारच. हे रीडिंग घ्यायच्या मेगरचा हँडल इतकी वर्षं फिरवतोय, काटा वर गेला की ‘ओके’ म्हणून मोकळा. त्या काट्यामागे हा भागाकार आहे हे कधी कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. यात एक पोटकलम आहे, पेपर काढणारे तिथेच पाय अडकवतात: अख्ख्या इन्स्टॉलेशनला १ मेगओहमपेक्षा जास्त दाखवायची सक्ती नाही. म्हणजे २० पॉइंटला सूत्र अडीच म्हणतं, तरी १ आला तर ते पास.

मग मोटर. आणि इथे दुपारचं काम डोक्यातून जाईना.

नानांच्या द्राक्षाच्या प्लॉटवर नवी विहीर झालीय. मीटरपेटीपासून विहीर तीनशे मीटर, टेप लावून मोजलंय. पंप पाच एचपी, थ्री फेज. नाना म्हणाले, “भाऊ, केबल किती नंबरची आणू तेवढं सांग, मी पिंपळगावला चाललोच आहे.” ज्यांच्याकडे मी काम करतो त्या शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, “पाच एचपीला चार एमएम ॲल्युमिनियम, डोळे झाकून.” साइटवर स्क्वेअर एमएम कोण म्हणतं, नुसतं एमएमच. नानांना म्हटलं, आज राहू द्या, उद्या सांगतो.

आता वहीत तेच मांडलं. ५ गुणिले ७४६, म्हणजे ३७३० वॅट. दोन फेजमधलं व्होल्टेज ४१५, मोटरची एफिशियन्सी ०.८ आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामाला येणारा भाग) ०.८ धरला, दोन्हींचा गुणाकार ०.६४. ३७३० भागिले (१.७३२ × ४१५ × ०.६४) म्हणजे ८.१ अँपिअर. चार एमएमला आठ अँपिअर म्हणजे काहीच नाही, केबल कोमटसुद्धा होणार नाही. इथवर शेठ शंभर टक्के बरोबर.

पण ॲल्युमिनियमच्या चार एमएमचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम. तीनशे मीटरला २.२२. ड्रॉप, म्हणजे वाटेत केबलमध्येच पडणारं व्होल्टेज: १.७३२ × ८.१ × २.२२ × ०.८. आले जवळपास २५ व्होल्ट. ४१५ च्या ६ टक्के! करंटच्या तक्त्यात पहिल्या वर्गात पास झालेली केबल ड्रॉपमध्ये सपशेल नापास. आणि हे वरून पूर्ण ४१५ आले तर. १९५६ च्या वीज नियमांत पुरवठ्यालाच ६ टक्के खालीवर व्हायची मुभा होती. तेवढी घट धरली तर पेटीवरच ३९०, विहिरीवर ३६५. टॉर्क (फिरवायचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, त्यामुळे मोटरचा जोर पाऊणपटीवर येतो. सुरू होताना करंट पाच-सहापट ओढला जातो, तो वेगळाच. शेतातल्या मोटारी जळतात तेव्हा सगळे लाईटवाल्यांना शिव्या घालतात. थोड्या शिव्या केबललाही द्यायला हव्यात असं माझं मत झालंय.

शेठचा ठोकताळा खोटा नाही. तो गावातल्या बोअरसाठी आहे, जिथे पेटी आणि पंप एकाच अंगणात असतात. त्यात अंतर धरलेलंच नाही, आणि ते नाही धरलेलं, हे बोलताना कुणी सांगत नाही.

३ टक्क्यांची मर्यादा धरली तर साडेबारा व्होल्टच्या आत बसायला हवं. सहा एमएमला (४.६१ ओहम) १५.५ व्होल्ट, बसत नाही. दहा एमएमला (३.०८) १०.४ व्होल्ट, बसतं. उत्तर: दहा.

पुतणी बारावी सायन्सला आहे, शेजारीच अभ्यास करत होती. वहीत डोकावून म्हणाली, “काका, हे १.७३२ म्हणजे रूट थ्री ना? इथे कुठून आलं?” मी म्हटलं, थ्री फेज आहे ना, म्हणून रूट थ्री. तिला पटलं नाही. तिने १२० अंशांत दोन रेघा काढल्या, टोकं जोडली, मधून लंब टाकला, साइन ६० घेतलं आणि दोनने गुणलं. फेज-न्यूट्रलमधल्या २४० चे दोन फेजमध्ये ४१५ कसे होतात ते तिच्या वहीच्या मागच्या पानावर आहे. पान मागून घेतलं.

गाईडचं रडगाणं वेगळंच. निम्मी पानं १९५६ च्या नियम क्रमांकांची, मध्ये कुठेतरी २०१० ची नियमावली चिकटवलेली, आणि २०२३ ची आल्याचा छापणाऱ्याला पत्ताच नाही. क्रमांक आता नव्या नियमावलीतूनच लिहून काढायचे. आकडे मात्र जुन्यावरून ताडून घेईन.

नानांना सकाळी फोन करायचा आहे. दहा एमएमचा भाव ऐकून ते आधी गप्प होतील, मग शेठला फोन लावतील. त्याआधी शेठना मीच वही दाखवलेली बरी. कागद बघितला की ते ऐकतात, तोंडी हिशोबाला मात्र हसतात.

उद्या पॉवर फॅक्टर. ५० किलोवॅटचा लोड ०.७ वरून ०.९५ वर न्यायला कपॅसिटर किती, हे गणित. टॅनचा तक्ता पुतणीकडे आहे.