प्रौढ 2, मुले 0

मंगळवार, रात्री

एवढ्याशा वाक्याचं इतकं मनाला लावून घेऊ नये, असं संध्याकाळपासून स्वतःला बजावतेय. शिरीष कधीचा झोपलाय. मी वही घेऊन बसले आहे.

अलकापुरीत भावनाबेनच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात बसलो होतो, जहाजाची सहल ठरवायला. तिनं कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. भूमध्य समुद्र, सात रात्री, आणि वर दोन चौकोन: प्रौढ 2, मुले 0. सवयीनं तिनं विचारलं, "साथे छोकरां नथी ने?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात शिरीष बोलला, "ना ना. ने एवी शिप बतावो के जेमां छोकरां होय ज नहि."

इतक्या पटकन. खंडेराव मार्केटात केसर आंब्याची एक पेटी घ्यायची तर दहा पेट्या उघडून बघणारा हा माणूस. एरवी त्याचं ‘बघू’, ‘विचार करू’, ‘घाई काय आहे’ ठरलेलं. हे वाक्य मात्र त्यानं घरूनच आणलं होतं.

भावनाबेन खूश झाली. गिऱ्हाईकाला काय हवं ते कळलं की तिचं निम्मं काम होतं. तिनं लगेच व्हायकिंग कंपनीची सहल दाखवली. 18 वर्षांखालच्या कुणालाही जहाजावर घेत नाहीत. साधारण 930 प्रवासी, कॅसिनो नाही, प्रत्येक केबिनला बाल्कनी, प्रत्येक बंदरावरची एक सहल भाड्यातच धरलेली. मग व्हर्जिन व्हॉयेजेस. तीही मोठ्यांपुरतीच, पण जहाजावर टॅटू काढून देणारं दुकान आणि रात्री उशिरापर्यंत पार्ट्या, म्हणून ती शिरीषनंच बाजूला सारली. राहिली व्हायकिंग. भाडं ऐकून मी त्याच्याकडे बघितलं, तर तो म्हणाला, "पैशाचं बघू." हेही त्याच्या स्वभावातलं नाही.

मी मान हलवत राहिले. परक्या बाईसमोर काय बोलणार?

पण तो मला विचारू शकला असता. गाडीत, जाताना. ‘अगं, असं एक जहाज आहे, तिथे मुलं नसतात, तुला कसं वाटतं?’ एवढंच.

मला माहीत आहे हे कुठून येतं. माझ्याबाबतीत सगळे असंच ठरवत आलेत. बारशाला बोलावतात, पण ‘जमलं तर ये हं’ असं म्हणून; बाकीच्यांना कसा हात धरून आग्रह होतो. डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली की मला अचानक आतून काहीतरी आणायला पाठवतात. वाईट कुणाच्याच मनात नसतं. सगळे मला जपतात. जपून जपून त्यांनी मला किती दारांबाहेर उभं केलंय, ते त्यांना ठाऊक नाही. शिरीष त्यांच्यातला नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

त्या जुलैनंतर आम्ही यावर कधी बोललो नाही, हे खरं. पण न बोलणं वेगळं आणि माझ्या वतीनं ठरवून टाकणं वेगळं.

बुधवार

सकाळी वाटलं, मी उगाच ताणतेय. तो साधं म्हणाला असेल. बायको इतकी वर्षं चित्रकलेच्या तासाला पोरांच्या कलकलाटात उभी होती, आता रिटायर झाली, तिला जरा शांतता मिळू दे. कुठलाही नवरा असा विचार करील. दुपारपर्यंत मला हे पटलेलं होतं.

मग चार वाजले. शाळा सुटायची वेळ. दांडिया बाजारातून रिक्षा जायला लागल्या, दप्तरं बाहेर लोंबतायत, कुणीतरी कुणाच्या नावानं ओरडतंय, आणि मी हातातलं काम ठेवून गॅलरीत गेले. जूनपासून रोज जाते. शिरीषनं पाहिलं नसेल का? घरातच असतो की.

शांतता मला आता नको आहे. पोटभर झाली आहे.

आणि ही सहल निघाली कुठून? लक्ष्मीविलास पॅलेसमधून. दर वर्षी सातवीला दरबार हॉल दाखवायला न्यायची माझी पद्धत. तिथली फरशी व्हेनिसच्या मोझेकची, तिथले कारागीर त्यासाठी बडोद्याला येऊन राहिले होते, सयाजीरावांनी 1890 साली पुरा केलेला हा राजवाडा, असं सगळं मी सांगायची. शेवटच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "टीचर, तुम्ही व्हेनिस पाहिलंय?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग तुम्हाला कसं माहीत, सेमच आहे ते?" अगदी मनापासून विचारलं होतं तिनं. घरी येऊन मी शिरीषला सांगितलं आणि तो म्हणाला, "रिटायर झालीस की जाऊ."

म्हणजे एका पोरीच्या प्रश्नावरून आम्ही निघालोय, आणि जाणार अशा जहाजानं जिथे तिच्या वयाच्या कुणाला पाय ठेवायला परवानगी नाही.

रागानं म्हणा, बाकीच्या कंपन्यांची पानं काढून बसले. एमएससीचं वर्ल्ड युरोपा नावाचं जहाज 2022 चं आहे, 22 मजली. पूर्ण भरलं तर साडेसहा हजारांवर प्रवासी. आत अकरा मजले उतरणारी घसरगुंडी. शिवाय ही मंडळी जवळजवळ प्रत्येक बंदरावर नवे प्रवासी घेतात, म्हणजे कुणाची सहल जिनोआला सुरू तर कुणाची बार्सिलोनाला, जहाज कधी रिकामं होत नाही आणि रोज कुणाचा तरी पहिला दिवस. मला ते वाचून बरं वाटलं. कोस्टा कंपनीचं नाव काढलं की भावोजी 2012 चा जिलिओ बेटाजवळचा अपघात काढतील, 32 माणसं गेली होती. मी त्यांना सांगणार आहे की त्यानंतरच जहाज बंदर सोडायच्या आधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करायला लावण्याची पद्धत कंपन्यांनी पक्की केली.

व्हेनिसचं मात्र वेगळंच निघालं. 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात यायला बंदी आहे. मर्यादा 25,000 टनांची, म्हणजे व्हायकिंगची छोटी म्हणवणारी जहाजंसुद्धा त्यात बसत नाहीत. माहितीपत्रकावर व्हेनिस लिहिलं असलं तरी जहाज लागतं मार्घेराला, त्रिएस्तेला नाहीतर रावेन्नाला. रावेन्नाहून व्हेनिस बसनं दोन तासांच्या वर. लोक यावर फार चिडलेले दिसतात. व्हेनिसचे पैसे भरले आणि भलत्याच गावात उतरवलं, असं त्यांचं म्हणणं.

मी मात्र रावेन्ना हे नाव वाचलं आणि खुर्चीत सरळ बसले. अरे, रावेन्ना! फाइन आर्ट्‌सच्या पहिल्या वर्षाला, अंधाऱ्या वर्गात, प्रोजेक्टरवर सान विताले. 547 मध्ये अर्पण झालेलं चर्च, सम्राट जस्टिनियन आणि थिओडोरा, मागे सोनेरी काचेचे तुकडे. जरा तिरपे बसवलेले, म्हणजे दिव्याचा उजेड हलला की भिंत हलते. गाला प्लाचिदियाच्या समाधीचं निळं छत तर त्याहून जुनं. व्हेनिसची मोझेकची विद्या ज्या बायझंटाइन घराण्यातली, त्या घराण्याचं हे आधीचं घर. म्हणजे आमच्या दरबार हॉलचं पणजोळच म्हणायचं.

रॉयल कॅरिबियनच्या काही फेऱ्या रावेन्नाहूनच सुटतात. एड्रियाटिकच्या काठानं क्रोएशिया, माँटेनेग्रोचं कोतोर, खाली ग्रीस. दोन दिवस आधी पोचलं तर रावेन्ना आणि व्हेनिस दोन्ही आपल्या पायांनी होतात, कुणाच्या बसची घाई नाही. भाडं व्हायकिंगच्या पुष्कळ खाली.

आणि रॉयल कॅरिबियन म्हणजे जहाजावर चढाईची भिंत, वयोगटांप्रमाणे मुलांचे क्लब, पाण्याचे खेळ. मुलंच मुलं.

शिरीषला अजून काही सांगितलेलं नाही. जेवताना तो म्हणाला, व्हायकिंगला ॲडव्हान्स भरायचा का? मी म्हटलं, आमटीत मीठ बरोबर आहे ना?

गुरुवार

आज बोललो. गच्चीवर, तो कुंड्यांना पाणी घालत असताना.

मी विचारलं, तू भावनाबेनला असं का म्हणालास? त्याला कुठलं वाक्य ते लगेच कळलं. "मला काय होणार आहे मुलं पाहून?" मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "आयुष्यभर मुलांतच होते ना मी? माझ्यासाठी कशाला इतके पैसे घालायचे?"

तो पाणी घालत राहिला. मग म्हणाला, "तुझ्यासाठी नाही गं."

बराच वेळ पुढे काही नाही. मग एकेक तुकडा. पूलवर बाप पोरांना पोहायला शिकवतात. पोटाखाली हात धरून. रिफायनरीच्या टाउनशिपच्या क्लबात तो सुट्टीच्या दिवशी पोहायला जायचा, आणि मग एका उन्हाळ्यात जायचा बंद झाला. मी तेव्हा सर्दीचं कारण खरं धरलं होतं. "सात दिवस," तो म्हणाला, "जहाजावरून उठून जाणार कुठे?"

मला काही सुचलंच नाही.

इतकी वर्षं माझ्याकडे रोज चाळीस पोरं येत होती. रंगानं बरबटलेले हात माझ्या साडीला पुसत होती, पडलेला दात कागदात बांधून दाखवायला आणत होती. लग्नाच्या पत्रिका अजून येतात त्यांच्या. मला पुष्कळ मिळालं. कसं का होईना, मिळालं. आणि तो कोयलीच्या रिफायनरीत शिफ्ट करत होता, व्हॉल्व्ह, प्रेशर, रात्रपाळी, आणि घरी येऊन माझ्याकडून पोरांच्या गमती ऐकत होता. हसायचाही. त्याच्या वाट्याला नुसत्या ऐकीव गोष्टी आल्या.

त्याला बारशाला कुणी ‘जमलं तर ये’ म्हटलं नाही. पुरुषाला तेवढंही विचारत नाहीत.

नंतर तिथेच पायरीवर बसून मी त्याला रावेन्नाचं सांगितलं. फोनवर छत दाखवलं. त्यानं दोन बोटांनी मोठं करून खूप वेळ बघितलं आणि विचारलं, "हे तुकडे पडत कसे नाहीत?" मग मी त्याला चुन्याच्या गिलाव्याचं सगळं सांगितलं, ओल्या थरात तुकडे कसे बसवतात ते. रिफायनरीतला माणूस आहे, काय कशाला चिकटतं यात त्याला रस असतोच.

मग मी पोरांचा विषय काढला, पण वेगळ्या बाजूनं. या जहाजांवर मुलांची खरी गर्दी जुलै-ऑगस्टला असते, कारण तिकडच्या शाळांना सुट्टी. इटलीत सप्टेंबरच्या मध्याला शाळा उघडतात, बाकीकडे त्याच्या आगेमागे. म्हणजे सप्टेंबरअखेर गेलं तर कुठल्याही कंपनीचं जहाज असो, शाळकरी मुलं अगदी थोडी. भाडंही उतरतं, ऊनही. समुद्र मात्र तापलेलाच असतो, पाणी गार पडायला वेळ लागतो. शाळा न सुरू झालेली चिमुरडी असतील, आणि त्यांच्यामागे धावणारे आजीआजोबा.

"तेवढी असू देत," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "तू पूलवर जा. मी वरच्या डेकवर बसीन. मग जेवायला भेटू." मला ते चाललं. पूर्वी मी म्हटलं असतं, सहलीला जाऊन वेगळं काय बसायचं. आता वाटतं, दोघांनी एकाच जहाजावर आपापल्या जागी बसून यावं.

एक दिवस तो खाली आला तर येईल. नाही आला तर नाही.

भावनाबेनला फोन केला. ती चक्रावली, परवा छोकरां नको म्हणणारे आज रॉयल कॅरिबियन मागतायत. पण कामाला लागली. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत नाही, तेव्हा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागेल; क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, तिथे प्रश्न नाही. बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादला चक्कर. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची, तिथे हेलकावे कमी. मग तिनं केबिनचा नकाशा पाठवला. त्यात छतात घडी घालून ठेवलेली तिसरी खाट होती. ती म्हणाली, ही तर आत्ताच मिळतेय, घ्या. मी म्हटलं, दोघांचीच बघा. ती म्हणाली, भाडं तेच आहे बेन. मी पुन्हा तेच म्हटलं आणि फोन ठेवला.

राहता राहिला पितृपक्ष. गणपती गेले की लगेच तोच लागतो आणि आमच्या तारखा नेमक्या त्यात येतात. खालच्या काकू म्हणणारच, या दिवसांत घराबाहेर? आणि तेही समुद्रावर? मामंजींची तिथीही त्याच आठवड्यात पडते. पण तिथी हुकली तर सर्वपित्री अमावस्येला श्राद्ध करता येतं, हे काकूंनीच मला लग्नानंतर शिकवलं होतं, आणि अमावस्येच्या आत आम्ही परत आलेले असू. काकूंना खरं भय वेगळंच आहे. आमच्या नंतर हे सगळं कोण करणार, ते त्यांनी कधी तोंडानं विचारलेलं नाही, पण दर वर्षी पानं मांडताना त्या शिरीषकडे एकदा बघतात. तो खाली बघून दर्भ नीट करत बसतो.

काकूंना मी सांगणार आहे, उद्याच, शिरीष बँकेत गेला की.