बर्फ बघायला जाताय ना, मग अडकायची तयारी ठेवूनच जा

नोव्हेंबर लागला की आमच्या कोथरूडात घरोघरी काश्मीर नाहीतर मनालीचं बुकिंग सुरू होतं आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, बर्फ मिळेल ना? मिळेल हो. पण जास्त पडला तर काय करायचं हे कोणीच विचारत नाही आणि मला त्याचीच काळजी वाटते, कारण पुण्यात पारा ९ वर आला की आपण कानटोप्या काढतो आणि तिकडे डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरला एका रात्री उणे ८.५ झालं होतं, पन्नास वर्षांतली डिसेंबरमधली सगळ्यात थंड रात्र.

तिथली माणसं मात्र तयार असतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे सगळ्यात कडक थंडी, आणि त्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. आपण गच्चीवर वाळवणं घालतो तसे ते दुधी, वांगी, टोमॅटो कापून वाळवतात, रस्ते बंद झाले की ताटात तीच भाजी. अंगात फेरन, म्हणजे लोकरीचा लांब घोळदार झगा, आणि फेरनच्या आत कांगडी, विणलेल्या टोपलीत निखाऱ्यांचं मातीचं भांडं.

त्याच २०२४ च्या डिसेंबरात, २७ तारखेला काश्मीरात बर्फ सुरू झाला आणि हायवे बंद, विमानं रद्द. आमची मावशी तेव्हा श्रीनगरात होती, तिच्या बीपीच्या गोळ्या संपत आलेल्या, आणि हॉटेलवाल्याचा मुलगा गुडघाभर बर्फातून चालत जाऊन मेडिकलमधून गोळ्या घेऊन आला, पैसे द्यायला गेली तर फक्त गोळ्यांचेच घेतले. मावशी अजून त्याचं नाव काढते. सोनमर्गच्या रस्त्यावर गुंड नावाचं गाव आहे, तिथे तर पंजाबहून आलेल्या पर्यटकांना गावकऱ्यांनी रात्री मशिदीत झोपायला जागा दिली, कारण मशिदीत हमाम असतो, खालून तापवलेली जमीन, रात्रभर ऊब राहते. अनोळखी माणसांसाठी एवढं करणाऱ्यांचं आपण निदान ऐकावं तरी!

पण ऐकत नाहीत. ड्रायव्हर सांगत असतो पुढे नको, चाकांना चेन लावूनही गाडी घसरतेय, आणि मागून आपली मंडळी, भैया और थोडा आगे लो ना. मनालीला त्याच आठवड्यात सोलांग ते अटल टनेल हजारेक गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी माणसं बाहेर काढली.

आणि गाडीत अडकलात तर हे नीट लक्षात ठेवा, घरच्यांनाही सांगा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकून वीसपेक्षा जास्त पर्यटक दगावले, बरेचजण गाडीतच. बर्फात सायलेन्सर बुजला आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. म्हणून आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, मग थोडाच वेळ इंजिन चालू करायचं, तेही काच जरा खाली ठेवून, आणि पुन्हा बंद. आळीपाळीने एकाने तरी जागं राहायचं. गाडी सोडून वादळात चालत सुटायचं नाही. खोलीतही दारं-खिडक्या लावून निखारे पेटते ठेवून झोपू नका, गॅस तोच.

ही घाई होते कशामुळे, तर रविवारी रात्री लोहगावला उतरायचं आणि सोमवारी हिंजवडीत हजर! मग रस्ता बंद असला तरी निघायचा हट्ट होतो. रजा टाकतानाच दोन दिवस जास्तीची टाका ना. रोजच्या गोळ्याही आठवडाभर पुरतील एवढ्या जास्त न्या. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. बूट आणि जाड कोट गुलमर्गच्या अलीकडे तंगमर्गला भाड्याने मिळतात, त्याचं इथून ओझं नको, पण थर्मल आणि लोकरीचे मोजे मात्र दोन-तीन जोड न्याच, आणि जीन्स नको, एकदा भिजली की तिकडे वाळतच नाही.