रेशन फुकट मिळतं, मग धान्य बँक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नवी मुंबईत कोपरखैरण्यात आम्ही काही जणी धान्य बँक चालवतो, म्हणजे किराणा गोळा करून अडलेल्या घरांना पिशवी भरून देतो, हे कळलं, की हा प्रश्न हमखास येतो: सरकार रेशनवर धान्य फुकट देतं, मग तुमची गरज काय?

रेशन हा मोठाच आधार आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरलं आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत झालं. पण ते तांदूळ-गहू. डाळ, तेल, तिखट-मीठ, चहा-साखर, गॅस हे सगळं रोखीनेच आणावं लागतं. शिवाय जवळच्या तुर्भे स्टोअर या वस्तीतून आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांचं कार्ड गावाला असतं. आता कुठल्याही राज्यात धान्य उचलता येतं, खरं आहे. पण गावी म्हातारे सासू-सासरे त्याच धान्यावर असतात. त्यांच्या ताटातलं कोण काढून घेणार?

अडचण येते ती महिन्याच्या मध्येच. नाक्यावरच्या गवंड्याचा पाय मोडतो, पाऊस लागून आठवडाभर काम मिळत नाही. मग आधी डाळ पातळ होते, मग दूध बंद, मग घरातली बाई गुपचूप स्वतःची एक भाकरी कमी करते. खोलीभाडं मात्र चुकत नाही. वाण्याची उधारी तटली, की महिना शेकडा दहाने पैसे उचलायचे. एकदा ते व्याज मागे लागलं, की पुढे काम मिळालं तरी सुटका नाही. गेल्या पावसाळ्यात एका ताईंनी पिशवी घेतली, तिथेच उघडली आणि आधी तेल आहे का ते पाहिलं. म्हणाल्या, "चला, भाड्याचे पैसे भाड्यालाच राहिले." आमचं काम एवढंच: घर कर्जात पडायच्या आधी महिना-दीड महिना निभावून न्यायचं.

माल कुठून येतो? थोडा सोसायट्यांमधून, थोडा तुर्भ्यातल्या एपीएमसीच्या घाऊक बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून. कांदा एकेक हाताने दाबून निवडावा लागतो. एक सडका राहिला तर अख्खी गोणी जाते. चांगलं अन्न फेकलं जातं आणि शेजारी चूल थंड असते, हे खटकूनच १९६७ साली अमेरिकेत फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली. तुर्भ्यातही तसंच आहे: एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला वस्ती.

पिशवी देताना आम्ही फोटो काढत नाही. देणगीदारांनी कितीही आग्रह केला तरी नाही.

आणि द्यायचंच असेल तर तूरडाळ आणि तेल द्या, तांदूळ बहुतेक सगळेच देतात. दिवाळीत आमच्याकडे ठेवायला जागा नसते. जून-जुलैत, शाळेची वह्या-पुस्तकं आणि पाऊस एकदम येतात तेव्हा, मांडणी रिकामी असते. तेव्हा या.