हायब्रीड

दुपारी कपाट आवरताना प्रिमरोझच्या बियांचं रिकामं पाकीट हाती आलं. भाच्यानं आणलेलं. वर जांभळी, पिवळी, शेंदरी फुलं आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘हायब्रीड’. हा शब्द वाचला की माझ्या तोंडाला अजून भाकरीची चव येते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे आमच्या परभणीकडच्या घरात हायब्रीड ज्वारी आली. ‘सीएसएच-१’ हे वाण १९६४ सालचं. आम्हाला नुसतं हायब्रीड. उतारा भरपूर, पण पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. आजी सगळ्यांना त्याच पिठाच्या भाकरी वाढायची आणि शेवटची एक, शाळवाची, ताटाखाली झाकून ठेवायची. स्वतःसाठी. एकदा मी ती चोरून खाल्ली. आजीनं ताट उचलून पाहिलं, पुन्हा पालथं घातलं. बोलली काहीच नाही.

चवीपेक्षा तिची तक्रार वेगळीच होती. “पुढच्या साली पेरता येत नाही, मग ते कसलं बी?”

तिला क्यू बागेतल्या प्रिमरोझची गोष्ट सांगायला हवी होती. लंडनच्या त्या बागेत हिमालयातल्या आणि अरबस्तानातल्या प्रिमरोझचा आपसूक संकर झाला. झाड देखणं, पण वांझ. पुढे त्यातल्याच एका झाडावर १८ गुणसूत्रांची ३६ झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि बी धरलं! आजी भाकर उलथत “बरं” म्हणाली असती, एवढंच.

तर माझी प्रिमरोझ. दिवाळीनंतर न्हाणीमागं, निंबाच्या सावलीत, रांजणाच्या ओलीला कुंड्या मांडल्या. हे बी गाडायचं नाही, उजेड लागतो त्याला. मातीवर नुसतं भुरभुरायचं. थंडीत सुरकुतलेली पानं आली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, “कसली भाजी हो ही?” मी फूल म्हटलं, तर वाकून शोधायला लागल्या.

फूल आलंच नाही. होळीपर्यंत पानांच्या कडा करपल्या. सावली घट्ट होती, पण त्यांना हवा होता गारवा, आणि आमच्या निंबाखालीसुद्धा झळा लागतात. रोज दोन तांबे पाणी घालत होते, तेही टँकरचं. चैत्रात घातलं नाही.

त्या कुंडीत आता पुदिना आहे, चटणीपुरता. पाकीट टाकायला काढलं होतं, पण पुन्हा कपाटातच ठेवलं.